चौथा रकाना

लंडन, २ नोव्हेंबर

येस्टिन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र न फोडताच टाकून दिलं नसशील, तर पुढे वाच. तुझा फोन लागत नाही. नंबर बदललास की फक्त मला बंद केलंस, ते विचारत नाही. म्हणून हा कागद. तिकीट पाकिटाच्या कुठल्या कोपऱ्यात लावतात, तेसुद्धा मला आठवावं लागलं.

मी बरी आहे. लुइशममध्ये एका घराच्या मागच्या खोलीत राहते. खिडकीतून शेजाऱ्यांचे वाळत घातलेले मोजे दिसतात, त्यावरून आज कुठला वार ते कळतं. काम तेच, वकिलांच्या हाताखालचं. दुसऱ्यांच्या भांडणातले हजारो ईमेल वाचायचे आणि कामाचे कुठले, बिनकामाचे कुठले, अशा खुणा करायच्या. तू म्हणशील, बाई, तू स्वतः वकील कधी होणार? गावातही सगळे हेच विचारत असतील.

तर ऐक. इथल्या मोठ्या फर्ममध्ये वकील व्हायचं तर नुसतं पास होऊन भागत नाही. फर्मने तुमच्याशी दोन वर्षांच्या उमेदवारीचा करार करावा लागतो. आणि तो करार हवा असेल, तर आधी सुट्टीत दोन आठवडे त्यांच्याकडे राबून दाखवायचं. जत्रेत घोडा विकत घेण्याआधी दोन फेऱ्या पळवून बघतात, तसं. त्या दोन आठवड्यांसाठीसुद्धा आधी अर्ज, मग कोडी, मग कॅमेऱ्यापुढे एकटीने बोलणं, मग दिवसभराची परीक्षा. हे माझं पाचवं वर्ष आहे. आतापर्यंत त्रेसष्ट अर्ज झाले. यंदा नाही जमलं तर नाद सोडायचा, असं मी ठरवलंय. हे आधी कुणाला बोलले नव्हते, तुलाच सांगतेय.

प्रत्येक फॉर्मवर एक प्रश्न हटकून असतो. तुम्ही पुढाकार घेऊन एखादी अडचण सोडवलीत, असा प्रसंग अडीचशे शब्दांत सांगा. आणि उत्तर चार रकान्यांत बसवायचं, हे आम्हाला पढवलेलं असतं. प्रसंग, जबाबदारी, कृती, निष्पत्ती. चौथ्या रकान्यात काहीतरी चांगलं घडलेलं असलंच पाहिजे. हसू नकोस, इथे माणसं प्रेमभंगसुद्धा या चार रकान्यांत सांगतात. माझे सगळे प्रसंग वापरून संपले. कॉलेजची वादसभा संपली, कॅफेतली नोकरी संपली, हरवलेल्या चावीची गोष्टसुद्धा मी दोनदा विकली.

म्हणून थोडी माहिती हवी होती. बासष्ट नंबरची बस बंद केली होती आणि तू ती परत आणलीस, त्याबद्दल. एका लिखाणासाठी. किती आठवडे स्टॉपवर उभा होतास? वहीत नेमकं काय टिपायचास? कंपनीच्या माणसाला कुठे गाठलंस? सोमवार, बुधवार, शुक्रवार हेच दिवस का मागितलेस? आई काय म्हणाली?

सवडीने लिही. पण पंधरा दिवसांत लिहिलंस तर बरं होईल.

हेलेद

लंडन, २४ नोव्हेंबर

येस्टिन,

तुझं उत्तर मिळालं. फॅक्टरीतल्या पाळ्यांच्या तक्त्याच्या पाठीवर पेन्सिलीने चौदा ओळी. वर 'प्रिय' नाही, खाली सही नाही. पोलिसांत जबाब दिल्यासारखं. तरी तुझं अक्षर बघून बरं वाटलं. 'ह' ला अजून तसाच हिसका देतोस.

सहा आठवडे. सकाळी साडेसहा ते साडेआठ, मग तिथूनच पाळीवर. वहीत नाव, कुठे जायचंय, आणि बस नसली तर काय करणार. अठ्ठेचाळीस माणसं. कंपनीचा साहेब ऑफिसात भेटत नव्हता, म्हणून शनिवारी तो मुलाची रग्बी बघायला येतो तिथे मैदानाच्या कडेला त्याला धरलंस आणि पूर्ण चाळीस मिनिटं वहीतली पानं वाचून दाखवलीस, कारण त्याला मॅच सोडून जाता येईना. हे वाचून मी एकटीच हसले. तीन वार मागितलेस ते आईच्या डायलिसिसचे म्हणून, हे मला कळायला हवं होतं.

'आई काय म्हणाली' याला तू उत्तर दिलं नाहीस. तिथे नुसतं लिहिलंयस, बस एकवीस मार्चला सुरू झाली. आणि खाली रेघ मारलीयस.

मी ती ओळ वाचून पुढे गेले, चहा ठेवला, आणि मग परत येऊन वाचली. आई नऊ मार्चला गेली.

मला माहीत नव्हतं, येस्टिन. खरंच नव्हतं. अंत्यविधीच्या दिवशी शेजारची बोपा एर्लिस, आपली मानलेली मावशी, स्वयंपाकघरात सँडविच कापता कापता म्हणाली, तुझ्या भावाने बस मिळवली हं. मी समजले, आई तिच्यातून जात होती. तेवढं एक तरी चांगलं झालं, असं मनाशी धरून मी तीन वर्षं काढली. म्हणजे परत सुरू झालेल्या त्या बसमध्ये ती कधी बसलीच नाही. मग तू पुढचे दिवस स्टॉपवर उभा का राहिलास? बोपाच्या डोळ्यांच्या इंजेक्शनांसाठी? आपल्या घरचं माणूस गेल्यावरही?

आता दुसरं सांगते. सांगायला लाज वाटतेय, पण सांगते. 'एका लिखाणासाठी' म्हणाले ते खोटं होतं. फॉर्म बारा ऑक्टोबरलाच गेला. मी तुला पत्र लिहिलं तेव्हा त्यांचं पुढचं बोलावणं माझ्या हातात होतं आणि ते खोदून विचारणार, हे मला ठाऊक होतं. आणि फॉर्मवर भाऊ नाही. स्टॉपवर मी उभी होते. वही माझी. चौथ्या रकान्यात मी लिहिलंय, 'बस पुन्हा सुरू झाली आणि माझी आई उपचारांना जाऊ लागली.' पुढे ती गेली, हे लिहिलं नाही. अडीचशे शब्द तिथेच संपले होते. शब्द उरले असते तरी लिहिलं असतं असं नाही.

एकदा पाठवलेला फॉर्म परत उघडत नाही. तू नको म्हणालास तर मी नाव मागे घेईन. पण लवकर सांग.

हेलेद

लंडन, १९ जानेवारी

येस्टिन,

नाताळच्या कार्डावर तुझी एक ओळ आली. 'बस माझी एकट्याची नव्हती. वापर.'

ती 'वापर' मी किती वेळा वाचली असेल. एकदा वाटतं, मोठ्या भावासारखं दिलंस. एकदा वाटतं, कानाखाली मारलीस. तू समोर असतास तर चेहऱ्यावरून कळलं असतं. बरं, तू 'नको' म्हणाला असतास तर मी खरंच नाव मागे घेतलं असतं का? शपथ घेऊन सांगता येणार नाही.

परीक्षेचा दिवस झाला. आम्ही बारा जणं एका लांब टेबलाभोवती. एक काल्पनिक कंपनी दुसरी काल्पनिक कंपनी विकत घेणार होती आणि आम्ही तिला सल्ला द्यायचा होता. कोपऱ्यात दोघं जण वह्या घेऊन बसलेले, त्यामुळे सगळे असे गोड वागत होते की विचारू नकोस. ऑर्लँडो नावाचा एक मुलगा दर वाक्यात कुणाचं तरी नाव घालायचा. 'हेलेदने फार छान मुद्दा मांडला.' मी तोवर तोंडही उघडलेलं नव्हतं.

दुपारी मुलाखत. समोर ऑनर ट्रेडगोल्ड, फर्मची भागीदार. साठीची असेल. केस पांढरे, आवाज खडा, आणि सगळ्यांसमोर बिस्कीट चहात बुडवून खाते. तिने माझा फॉर्म पुढे ओढला, बसचा परिच्छेद वाचला आणि पेन खाली ठेवलं. वीस मिनिटं ती त्यावरच विचारत होती. तेच तीन वार का? लोक आपलं दुखणं अनोळखी मुलीला का सांगतील? कंपनीच्या माणसाला कसं वळवलंस? तू दिलेलं एकेक मी पुढे ठेवत गेले. रग्बीच्या मैदानाची गोष्ट सांगितली तेव्हा ती खुर्चीत मागे रेलून हसली. मला तुझा इतका अभिमान वाटला, येस्टिन. आणि शाबासकी मी घेतली.

परवा फोन आला. ईस्टरचे दोन आठवडे मला मिळाले. बारा जणांतून चौघं. ऑर्लँडोपण आहे.

आणखी एक बोलायचं आहे. अंत्यविधीच्या दिवशी तू फाटकाशी उभा होतास, ती काळी टाय सैल केलेली, आणि म्हणालास, 'जा. उद्या मुलाखत आहे ना तुझी.' घरात अजून माणसं होती, चहाचे कप विसळायचे होते. आणि मी गेले. तेव्हा ते माझं दुसरंच वर्ष होतं, सुट्टीतले असेच दोन आठवडे चालू होते आणि शेवटच्या मुलाखतीची तारीख बदलून मागायची माझी हिंमत झाली नाही. मागितली असती तर त्यांनी दिलीही असती. तू ओरडला असतास तर मी थांबले असते, असं मी मनाला खूप वर्षं सांगितलं. ते काही खरं नाही.

तो करार मिळाला नाही, हे तुला कधी कळवलंच नाही. मिळाला असता तर तुला तोंड दाखवायला आले असते. रिकाम्या हाताने कुठल्या तोंडाने येणार होते?

हेलेद

लंडन, ९ एप्रिल

येस्टिन,

जानेवारीपासून तुझं काही नाही. ठीक आहे. मी आपली लिहिते.

ईस्टरच्या दोन आठवड्यांतला हा दुसरा आठवडा. रोज सकाळी इस्त्रीचा सदरा, गळ्यात नाव लिहिलेली पट्टी. कुणी कधी बघत असेल याचा नेम नाही, म्हणून लिफ्टमध्येसुद्धा हसरा चेहरा ठेवायचा. काम मला येतं, ते सोड. चार वर्षं दुसऱ्यांचे कागद वाचून डोळा बसलाय. काल एका करारात मी एक गाळलेलं कलम शोधून काढलं आणि ऑनर नुसतं 'हं' म्हणाली. तिचं 'हं' मिळायला इथले लोक वर्षभर झुरतात म्हणे.

पण तुला सांगायचंय ते वेगळंच. पहिल्याच दिवशी लिफ्टमध्ये ऑनर भेटली. आम्ही दोघीच. म्हणाली, 'तुझी आई कशी आहे आता?'

मी म्हणाले, 'बरी आहे.'

तेवढंच. तोंडातून निघून गेलं. नववा मजला येईपर्यंत दुरुस्त करता आलं असतं. केलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं. तिची स्वतःची आई याच आजाराने अंथरुणाला खिळलीय, दूर यॉर्कशायरला, आणि ही महिन्यातून एकदा जाते. म्हणून मनापासून विचारते बिचारी. आणि मी बोलायला लागले. आई हॉस्पिटलच्या गाडीत बसायला तयार नसते, 'त्यात बसलं की माणूस आधीच गेल्यासारखा दिसतो' म्हणते. बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची जागा धरते आणि तो वळण जोरात घेतो म्हणून त्याच्या आईचा उद्धार करते. डायलिसिसचे चार तास विणत बसते आणि मफलर एवढा लांब होतो की दोघांनी मिळून घालावा. तव्यावरचे केक कडा करपवूनच करते, वर 'करपट कुणी खाल्लं नाही तर गोड कुणासाठी' म्हणून आपल्यालाच दटावते. सांगताना मी तिची नक्कलसुद्धा केली.

रोज चार वाजता ऑनर माझ्या टेबलाशी येऊन उभी राहते आणि मी तिला आईची एकेक गोष्ट देते. मी दिवसभर त्या चार वाजण्याची वाट बघते.

तीन वर्षांत मला आईबद्दल कुणी विचारलं नव्हतं, येस्टिन. इथे कुणाला माहीतच नाही की मला आई होती. या शहरात मी सहा वर्षं आहे आणि माझ्याकडे जेवायला कुणी आलेलं नाही. तू तिच्या खोलीवरून रोज जातोस, तुला ते किती जड जात असेल, मी समजू शकते. पण निदान गावात तिचं नाव काढणारी माणसं आहेत. माझ्याकडे कुणी नाही. दुपारी दहा मिनिटं ती जिवंत असते, एवढंच मला मिळतं. ते सोडवत नाही.

तुला राग आला असेल. मलाही माझा येतो, पण साडेचारनंतर.

हेलेद

लंडन, २ मे

येस्टिन,

झालं. करार मिळाला.

फोन आला तेव्हा मी जिन्यात होते. बाईंनी सांगितलं, चौघांतून दोघं घेतले, सप्टेंबरपासून दोन वर्षं. आणि म्हणाल्या, निवडीच्या बैठकीत सगळ्यांना तुमची बस आठवत होती.

पाच वर्षं मी या फोनची स्वप्नं बघितली. स्वप्नात मी ओरडायचे. प्रत्यक्षात पायरीवर बसले आणि फोनमधली नावं वरून खाली बघत गेले, कुणाला सांगू म्हणून. तीनदा बघितली. शेवटी संध्याकाळी घरमालकिणीला सांगितलं. ती म्हणाली, 'वा, म्हणजे खोली ठेवताय ना?'

तुझा नंबर असता तर तुलाच केला असता. तू उचलून काही बोलला नसतास तरी चाललं असतं.

आता पुढचं. सात जूनला फर्मने नव्या उमेदवारांसाठी दुपारचं जेवण ठेवलंय. प्रत्येकाने घरचं एक माणूस आणायचं. छापील निमंत्रण आलं, आणि खाली ऑनरने स्वतःच्या हाताने लिहिलंय, 'आईला नक्की आण. मला तिच्या शेजारी बसायचं आहे.'

दोन दिवस मी नीट जेवले नाही. आजारी आहे म्हणू? मग ती फुलं पाठवेल. त्याआधी गेली म्हणू? मग आईला मी माझ्या सोयीने दुसऱ्यांदा मारल्यासारखं होईल. आणि करारासोबत एक कागद आलाय. अर्जात दिलेली सगळी माहिती खरी आहे, असं लिहून सही करायची. तेवीस तारखेपर्यंत. वकिलाचं खोटं उघड झालं तर सनद जाते. माझी तर अजून आलेलीही नाही.

आता जे लिहितेय ते वाचून तू माझं तोंड बघणार नाहीस. तरी लिहिते, कारण दुसरं काही सुचत नाही. बोपा एर्लिस आईच्याच वयाची आहे. तिला एक दिवस इकडे घेऊन येशील का? तिला काही खोटं बोलावं लागणार नाही. फक्त माझ्या शेजारी बसायचं, जेवायचं, आणि ऑनरने 'आई' म्हटलं तर नाही म्हणायचं नाही. बसबद्दल तिला सगळं ठाऊक आहेच. तू बाहेर थांब, किंवा शहर बघ. एकच दिवस.

लिहून झालं. खोडणार होते. खोडत नाही.

हेलेद

लंडन, २३ मे

येस्टिन,

तुझं पाकीट बुधवारी आलं. आत चिठ्ठी नव्हती. फक्त आईच्या अंत्यविधीचा तो छापील कागद, घडी घातलेला. पुढे तिचा निळ्या टोपीतला फोटो, खाली जन्म आणि मृत्यूची तारीख, आत स्तोत्रं.

म्हणजे तू बघितलं होतंस.

मला वाटत होतं, कुणी बघितलं नाही. तुम्ही सगळे उभे राहून गात होतात आणि मी तो कागद दोन्ही हातांत धरून मान खाली घातली होती. लोकांना वाटलं, मुलगी रडतेय. आत मी माझ्या मुलाखतीचं टिपण ठेवलं होतं. प्रसंग, जबाबदारी, कृती, निष्पत्ती. चारही स्तोत्रं संपेपर्यंत मी पाठ करत होते. तू माझ्या डाव्या हाताला होतास. तुला दिसणारच. तीन वर्षं तू ते मनात ठेवलंस आणि कुणाला बोलला नाहीस, मलासुद्धा नाही. मला वाटायचं, तू रागावलास ते मी लवकर निघाले म्हणून.

मी तो कागद आता पहिल्यांदा वाचला. आईला कुठलं स्तोत्र आवडायचं, ते मला त्यावरून कळलं.

काल मी सही न केलेला कागद घेऊन ऑनरकडे गेले. उभ्यानेच सांगितलं. आई तीन वर्षांपूर्वी वारली. बस सुरू झाली ती नंतर बारा दिवसांनी. स्टॉपवर माझा भाऊ उभा होता, त्याचं नाव येस्टिन प्रोबर्ट, तो खिडक्यांच्या चौकटी बनवायच्या फॅक्टरीत काम करतो. मी त्या सहा आठवड्यांत, अंत्यविधी सोडला तर, एकदाही गावी गेले नव्हते.

तिने तो कागद पुढे ओढून सहीची रिकामी जागा बघितली. मग तिने विचारलं, 'लिफ्टमध्ये का नाही सांगितलंस?'

मी म्हणाले, 'तुम्ही विचारलंत म्हणून. कुणी विचारत नाही.'

तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाली, 'खरं लिहिलं असतंस तरी मी तुला घेतलं असतं, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण ते खोटं होईल. आमच्याकडे नऊशे अर्ज होते. बस नसती तर तुझा मी पुरता वाचलाही नसता.'

मी मान हलवली. तिच्यावर राग धरता येईल असं ती काहीच बोलत नव्हती.

'आईबद्दल जे सांगायचीस, ते तरी खरं होतं का?'

'सगळं,' मी म्हणाले. 'फक्त ती आता नाही.'

आणि मग मी रडले. आई गेली हे मी मोठ्याने पहिल्यांदाच बोलले होते, तेही एका परक्या बाईच्या खोलीत, गळ्यात नावाची पट्टी घालून. अंत्यविधीला रडले नाही, गाडीत नाही, तो करार हुकला तेव्हाही नाही. ऑनरने दार लावून घेतलं आणि समोर बसून राहिली. जवळ घेतलं वगैरे नाही. माझं आवरल्यावर म्हणाली, हे तिला वर कळवावं लागेल. मी म्हणाले, हो. निघताना म्हणाली, 'मी उद्याच्या गाडीने यॉर्कशायरला जाते.'

आज सकाळी ईमेल आला. तीन ओळींचा. करार मागे घेतलाय आणि यापुढे तिथे अर्ज करायचा नाही. भाषा सभ्य आहे. माझ्या जागी ऑर्लँडो जाईल बहुतेक. त्याला घरचं माणूस आणायला अडचण नसावी.

यंदा नाही झालं तर नाद सोडायचा, असं तुला लिहिलं होतं. सोडला. फार काही वाटत नाहीये. की वाटायचं अजून बाकी आहे, कळत नाही. सोमवारी त्याच टेबलाशी दुसऱ्यांचे ईमेल वाचायला जाईन.

बोपा एर्लिसचं मी जे लिहिलं, त्याबद्दल माफी मागत नाही, कारण ती मिळायच्या लायकीचं ते नव्हतं. तू तिला ते वाचून दाखवलं नसशील, एवढी आशा आहे.

एक मात्र रात्रंदिवस डोक्यात आहे. तुला मी इतकी पत्रं लिहिली. किती आठवडे, किती माणसं, कुठला साहेब, कुठले वार, सगळं खोदून विचारलं. पण बस बंद होती त्या सहा आठवड्यांत आई हॉस्पिटलला जायची कशी, हे विचारलं नाही. जायची का, हेही नाही. आणि नऊ मार्चचं तर काहीच नाही. तुझा फोन आला तेव्हा मी विचारलं होतं, 'अंत्यविधी कुठल्या वारी आहे?' मला आठवतंय, तू उत्तर द्यायला वेळ लावलास.

तर आता विचारते. कुठल्या फॉर्मसाठी नाही, रकान्यासाठी नाही, आणि घाई नाही. त्या सकाळी काय झालं, येस्टिन? आई घरी होती की बाहेर? तू पाळीवर होतास की स्टॉपवर? तुला कुणी कळवलं? तू तिच्याजवळ पोचलास का?

तिने माझं नाव काढलं का, हे विचारत नाही. तुझ्यावर काय गुजरलं, ते सांग. सगळं सांग, लांबलं तरी चालेल.

हेलेद